विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत मदत कशी मिळवायची: नाशिककर पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

मुलाला शिकताना अडचण येते आहे हे लक्षात आलं की नाशिकमधले बहुतेक पालक पहिला फेरा मारतात तो त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयाचा. चार-सहा चकरांनंतर दिव्यांगतेचं प्रमाणपत्र हातात पडतं, ते कपाटात जातं, आणि मूल वर्गात होतं तिथेच, शेवटच्या बाकावर बसलेलं असतं. चूक रुग्णालयात जाण्याची नाही, क्रमाची आहे. सवलती आणि भत्त्यांसाठी प्रमाणपत्र लागतंच, पण वर्गातली मदत सुरू होते ती शाळेकडे दिलेल्या कागदाने, आणि त्या कागदाला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

खालचे टप्पे जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सगळ्या मान्यताप्राप्त शाळांमधल्या मुलांसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

टप्पा १: आधी पुरावा गोळा करा

एक साधी फाईल घ्या. तिच्यात मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशन कार्डाची प्रत, सहा-आठ पासपोर्ट फोटो आणि जुने वैद्यकीय कागद ठेवा. हे बहुतेक जण करतात. बहुतेक जण करत नाहीत ते म्हणजे वहीची पानं जपून ठेवणं.

वहीचं पान डॉक्टरांना आणि विशेष शिक्षकांना तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतं. चौथीतल्या एका मुलाची परिसर अभ्यासाची वही डोळ्यांसमोर आणा. ‘गोदावरी’ एकदा ‘गोरादवी’, दुसऱ्या ओळीत ‘गोदवरी’, तिसरीत नुसतं ‘गोद’. खाली लाल शाईत बाईंचा शेरा: ‘लक्ष नाही. अक्षर सुधारा.’ त्याच मुलाला नदी कुठे उगम पावते हे तोंडी विचारलं की ब्रह्मगिरीपासून सगळं सांगतो. लिहिणं आणि बोलणं यांतली ही तफावत तारखेसह दाखवता आली की पुढचं काम निम्मं हलकं होतं.

म्हणून वेगवेगळ्या महिन्यांतली, वेगवेगळ्या विषयांची पाच-सहा पानं झेरॉक्स करून ठेवा. चांगली पानं निवडू नका. पाहुण्यांसमोर अक्षर झाकायची आपली सवय इथे नडते. वर्तनाच्या अडचणी असतील तर एका कागदावर तारीख, वेळ, काय झालं आणि त्याआधी काय चाललं होतं एवढंच लिहा. ‘फार हट्टी आहे’ असं लिहू नका, त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

तपासा: आधार, जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन्‌ अक्षर सारखी आहे का? नसेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. पुढे ऑनलाइन अर्जात हाच फरक सगळं अडवतो.

टप्पा २: शाळेला लेखी द्या, पोच घ्या

बाईंशी गेटवर झालेलं बोलणं धरू नका. त्या चांगल्या असतील, समजूतदारही असतील, पण जूनमध्ये वर्ग बदलला की ते बोलणं संपलं. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, मराठीत, एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

‘माझा मुलगा इयत्ता चौथी ब मध्ये शिकत आहे. त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येते. तोंडी उत्तरे देता येतात, लिहिताना अक्षरांचा क्रम बदलतो. त्याची विशेष शिक्षकांकडून पाहणी व्हावी. तोपर्यंत त्यास पुढील बाकावर जागा, तोंडी उत्तराची मुभा व फळ्यावरील मजकूर उतरवण्यास जादा वेळ मिळावा, ही विनंती. सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत.’

यातलं ‘तोपर्यंत’ फार महत्त्वाचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ शासनाने मान्यता दिलेल्या शाळांकडूनही मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची अपेक्षा ठेवतं. खासगी इंग्रजी माध्यमाची शाळा ‘आमच्याकडे अशी सोय नाही’ म्हणते तेव्हा ती या कलमाबाहेर जात नाही. पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका द्यायला कुणाच्या मंजुरीचीही गरज नसते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने किंवा शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

सावधान: निदान ठरायच्या आधी अर्जात रोगाचं किंवा दिव्यांगतेचं नाव लिहू नका. ‘माझ्या मुलाला ऑटिझम आहे’ असं लिहून पुढे तपासणीत वेगळं निघालं तर दोन्ही कागद एकमेकांना खोटे पाडतात. काय अडतं ते लिहा.

टप्पा ३: विशेष शिक्षकांची पाहणी

इथे अलीकडे बदल झाला आहे आणि अनेक मुख्याध्यापकही अजून जुन्याच पद्धतीने सांगतात. पूर्वी ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतले कंत्राटी विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राला जोडलेले असत आणि एकेकाकडे बरीच गावं असत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण केली. म्हणून आता पहिला प्रश्न केंद्रप्रमुखांना विचारा: आपल्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण आणि ते आमच्या शाळेत कोणत्या दिवशी येतात? शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे हीच चौकशी करा. कागदावरचं पद आणि शाळेत येणारा माणूस यांत अंतर असू शकतं, म्हणून नाव आणि वार दोन्ही विचारा.

शिक्षक ‘मला यातलं कळत नाही’ म्हणत असतील तर त्यांच्यावर चिडू नका. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं मोबाइल ॲप याचसाठी आहे. त्यातली पहिली प्रश्नावली वर्गशिक्षक भरतात, दुसरी विशेष शिक्षक. हे निदान नव्हे, पुढे पाठवायचं की नाही एवढं ठरवायची चाळणी आहे.

शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचाही उपयोग करून घ्या. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल हजर हवं आणि अडचण पथकाला तोंडाने सांगितलेली हवी, नाहीतर उंची-वजन घेऊन ते पुढे जातात. त्यांनी दिलेली संदर्भ चिठ्ठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (मुलांच्या विकासातल्या अडचणींची तपासणी आणि उपचार होतात तिथे) जाताना कामी येते. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या पालकांसाठी तर हा मार्ग थेट शहरात येण्यापेक्षा बरा, कारण एसटीने येऊन ‘आज ते डॉक्टर नाहीत’ हे ऐकायला अख्खा दिवस घालवावा लागत नाही.

टप्पा ४: वैद्यकीय तपासणी आणि यूडीआयडी

प्रमाणपत्र आता फक्त ऑनलाइन पद्धतीनेच मिळतं. जून २०२१ पासून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच अर्ज करावा लागतो. अर्जाला शुल्क नाही. रुग्णालयाच्या बाहेर कुणी ‘लवकर करून देतो’ म्हणत जवळ आलं तर सरळ पुढे चालू लागा.

क्रम असा ठेवा. आधी पोर्टलवर अर्ज, मग अर्जाची छापील प्रत घेऊन रुग्णालय. उलटं केलं की नुसती केसपेपरची रांग लागते.

अर्ज भरताना दिव्यांगतेचा प्रकार निवडायचा असतो. कायद्यात २१ प्रकार आहेत. विशेष शिक्षकांशी बोलून प्रकार निवडा. मंदगतीने शिकणारं प्रत्येक मूल बौद्धिक अक्षमतेत येत नाही, आणि वाचन-लेखनाची अडचण असलेलं मूल बहुतेक वेळा त्यात नसतंच, ते विशिष्ट अध्ययन अक्षमतेत येतं. चुकीचा रकाना निवडला की चुकीच्या तज्ज्ञासमोर तारीख लागते. मग रुग्णालय निवडायचं असतं. मालेगाव, नांदगाव, सटाण्याच्या पालकांनी यादीत जवळचं रुग्णालय दिसतं का ते आधी बघावं, मात्र तिथे त्या प्रकारचा तज्ज्ञ बसतो का हे फोनवर विचारूनच निघावं.

तज्ज्ञ ठरावीक वारीच बसतात. कान-नाक-घसा, डोळे, मानसोपचार, बालरोग, प्रत्येकाचा वार वेगळा असू शकतो. वार विचारा, वेळ विचारा, आणि श्रवणचाचणी किंवा बुद्ध्यांक चाचणीसाठी वेगळी तारीख लागेल का तेही विचारा. सिंहस्थ जवळ आला की रुग्णालय काय, महापालिका काय, सगळ्यांची माणसं तिकडे ओढली जातात. निवडणुकीत शिक्षकांचं तेच होतं. त्या काळात तारीख घेणार असाल तर हाताशी वेळ ठेवूनच घ्या.

वयाचं गणित:

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आतल्या मुलाला मिळत नाही. पहिली-दुसरीतल्या मुलासाठी धावपळ करू नका. टप्पा १ आणि २ चालू ठेवा, तिसरीत तपासणी मागा.

पाच वर्षांखालच्या मुलात बौद्धिक अक्षमतेचं निदान सहसा होत नाही, विकासातला विलंब म्हणून नोंद होते. पुढे पुन्हा तपासावं लागतं.

तपासणीच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घालून न्या आणि सोबत त्याचं आवडतं काही असू द्या. रांगेत दोन तास कंटाळलेलं, भुकेलं मूल चाचणीत आपल्या कुवतीपेक्षा खाली दिसतं. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी सकाळी लवकरची वेळ मागा, लेखी मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि मुलाला प्रश्न विचारला की उत्तर तुम्ही देऊ नका. तपासणी तुमची नाही.

खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल असेल तर तो जोडा. वर्गात काय करायचं हे त्यात सरकारी कागदापेक्षा बारकाईने लिहिलेलं असतं. पण भत्ते, आरक्षण किंवा बोर्डाच्या सवलतींसाठी तो चालत नाही. हजारो रुपये खर्चून अहवाल आणायचा आणि दहावीच्या वर्षी तो नाकारला गेला म्हणून रडायचं, हे दरवर्षी कुणाच्या तरी घरी घडतं.

यूडीआयडी कार्डाचा रंगही बघून घ्या. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० ला पिवळं, त्यावर निळं. कायद्यातले बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, वर्गातली वाजवी सोय मात्र या आकड्यावर अवलंबून नाही. पांढरं कार्ड आलं म्हणून शाळेने पुढचा बाक काढून घेतला तर ते चूक आहे.

तपासा: प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं? तात्पुरतं असेल तर मुदत संपायची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. दहावीच्या आधी ती संपत असेल तर नववीतच नूतनीकरण करा.

टप्पा ५: शाळेच्या नोंदीत नाव चढवा

हा टप्पा जवळजवळ सगळे विसरतात. प्रमाणपत्राची प्रत शाळेला दिली म्हणजे झालं असं नाही. यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळा मुलांची माहिती भरतात त्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची विशेष गरजा असलेलं मूल म्हणून, प्रकारासह नोंद व्हायला हवी. साधनं, भत्ते, विशेष शिक्षकांच्या भेटी यांचं नियोजन त्याच आकड्यांवरून होतं. शाळेच्या संगणकात तुमचं मूल नसेल तर जिल्ह्याच्या यादीतही ते नाही.

मुख्याध्यापकांना नोंदीचा स्क्रीन दाखवायला सांगा. संकोच करू नका. नोंद झाली की पुढच्या गोष्टी मागा: गरज असेल तर मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दृष्टिहीन मुलासाठी वाचक भत्ता, आणि मुलींसाठी समग्र शिक्षेतला महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, तो वर्षातून दहा महिने मिळतो. यासाठी मुलाच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं.

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कॅलिपर (पायाला लावायचा आधार) यांसाठी मोजमाप शिबिरं होतात. मोजमाप एका दिवशी आणि वाटप बऱ्याच महिन्यांनी असं असतं, आणि मुलं तोवर वाढतात. साधन हातात घेण्याआधी तिथेच घालून, बसवून बघा. बसत नसेल तर त्याच वेळी लेखी सांगा.

टप्पा ६: वैयक्तिक आराखडा

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा हा खरा गाभा. तो विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून करायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा छापील फॉर्म भरून येतो आणि त्यात ‘वाचन सुधारणे’ एवढंच उद्दिष्ट असतं. अशावर सही करू नका.

उद्दिष्ट मोजता येईल असं मागा. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षर नसलेला पाच ओळींचा उतारा मदतीशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट झालं. ‘शी-शू लागल्यावर चित्रकार्ड दाखवून सांगेल’ हेही झालं. एका सत्रात तीन उद्दिष्टं पुरेत. पालकांना वाटतं दहा लिहिली तर जास्त मदत मिळेल, पण दहातलं एकही कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक उद्दिष्टापुढे कोण करणार आणि आठवड्यातून किती वेळा हे लिहून घ्या. ‘शाळा’ करणार असं लिहिलं असेल तर कुणीच करणार नाही.

परीक्षेतली सोय याच आराखड्यात यायला हवी: जादा वेळ, तोंडी परीक्षा, मोठा टाईप, वेगळी खोली. घटक चाचणीपासूनच सुरू करा. जादा वेळेत लिहायचाही सराव लागतो, तो दहावीच्या पेपरला पहिल्यांदा करता येत नाही.

काही खासगी शाळा म्हणतात, तुम्ही स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) ठेवा, नाहीतर मुलाला आणू नका. ही अट लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच अटी गळून पडतात.

सावधान: गंभीर किंवा बहुविकलांग मुलासाठी गृहआधारित शिक्षणाची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण तो पालकांनी निवडायचा पर्याय आहे. शाळेने ‘घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो’ म्हणणं म्हणजे गृहआधारित शिक्षण नव्हे.

टप्पा ७: शाळा बदलताना

चौथीनंतर आणि सातवीनंतर गावातली शाळा संपते, मूल हायस्कूलला जातं, आणि तीन वर्षांची मेहनत जुन्या शाळेच्या कपाटात राहते. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत आराखड्याच्या सगळ्या प्रती, विशेष शिक्षकांचे अहवाल आणि प्रगतीच्या नोंदी मागून घ्या. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात टप्पा २ चा अर्ज पुन्हा द्या, आणि यू-डायसमधली नोंद कायम आहे ना ते बघा.

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशाचा अर्ज करणार असाल तर ४० टक्के किंवा त्यावरच्या दिव्यांगतेचं मूल वंचित गटात येतं आणि उत्पन्नाची अट लागत नाही. मात्र प्रमाणपत्र अर्जाच्या मुदतीआधीचं लागतं.

टप्पा ८: दहावी-बारावीच्या सवलती

तयारी नववीत सुरू करा. तिसऱ्या भाषेतून सूट किंवा गणिताऐवजी पर्यायी विषय घ्यायचा असेल तर तो निर्णय नववीच्या सुरुवातीलाच लागतो. दहावीच्या दिवाळीत ठरवून उपयोग नाही.

नाशिक विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. पालकाने थेट मंडळात जाऊन कागद दिला तरी ते शाळेकडेच बोट दाखवतात. १६ ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयाने सवलती सगळ्या २१ प्रकारांना लागू आहेत, पण कुणाला कोणती हे प्रकारावर ठरतं. तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक या सर्वांत जास्त मागितल्या जाणाऱ्या सवलती. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. तो डिसेंबरमध्येच शोधा, दोघांना एकत्र बसवून निदान दोन पूर्ण पेपर सोडवून घ्या. हुशार लेखनिक स्वतःचं उत्तर लिहायला लागतो, आणि मुलाला ‘स्वल्पविराम, नवीन ओळ’ असं सांगत बोलायची सवय नसते. एखादा सख्खा मित्र ऐनवेळी आजारी पडतो, म्हणून दुसरं नावही तयार असू द्या.

हॉल तिकीट हातात आलं की त्यावर दिव्यांग प्रवर्गाचा उल्लेख आणि शाळेकडे आलेलं सवलतीचं मंजुरीपत्र दोन्ही बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना भेटून वर्गखोली तळमजल्यावर आहे का ते विचारा.

सावधान: निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी एखादी शाळा नववीनंतर १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरा म्हणून गोड बोलून पालकाला बाहेर काढते. नियमित विद्यार्थी राहून सगळ्या सवलती मिळतात. स्वतःहून बाहेर पडू नका. सीबीएसईच्या मुलांना त्या मंडळाचे वेगळे नियम लागू होतात, शाळेकडून नववीतच त्याची लेखी माहिती घ्या.

अडलं तर कुणाकडे

पायरी सोडून वर गेलात तर अर्ज खाली परत येतो. मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेत पहिली ते आठवीसाठी शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि पुढे शिक्षणाधिकारी माध्यमिक. महापालिका शाळांसाठी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातला शिक्षण विभाग. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस द्या आणि मागच्या अर्जाची पोच जोडा. त्यापुढे नाशिक विभागाचे शिक्षण उपसंचालक आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

विशेष शिक्षकच नाहीत असं उत्तर मिळालं तर माहितीच्या अधिकारात दोनच प्रश्न विचारा: आमच्या केंद्रात हे पद मंजूर आहे का आणि भरलेलं आहे का? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरलं आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत करा. तुमच्या केंद्रातली अशी मुलं किती हेही त्याच अर्जात मागा, म्हणजे पुढच्या तक्रारीवर एका पालकाऐवजी सात-आठ जणांच्या सह्या घेता येतील.